घारापुरीचा एक अवेळी पाहुणा

चंदीगड हे समुद्रापासून फार दूरचे शहर. शिवालिकच्या पायथ्याशी वसविलेल्या या नव्या नगराला पाण्याचा काठ असावा, या हेतूने १९५८ साली सुखना नावाचा पावसाळी ओढा बांध घालून अडविण्यात आला आणि त्यातून सुखना सरोवर निर्माण झाले. संध्याकाळच्या वेळी त्या काठावर मित्रमंडळींचे घोळके फिरत असतात. नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत येऊन राहिलेली मराठी माणसेही त्यांत असतात आणि पाणी पाहिले की त्यांच्या बोलण्यात समुद्र आल्यावाचून राहत नाही. मग एखाद्या बेटावर मित्रांसह जाण्याचे बेत ठरू लागतात. रजा मिळते ती नेमकी श्रावणात, म्हणून कोणी म्हणतो, तेव्हाच जाऊ, गर्दी नसेल. त्यावर कोकणात जन्मलेला एखादा मान हलवितो आणि म्हणतो, तेव्हा समुद्र बंद असतो.

‘समुद्र बंद असणे’ हा प्रयोग दूरदेशीच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. कोकणात मात्र तो रोजच्या व्यवहारातला आहे. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा वारा सुटला की पडाव आणि मचवे किनाऱ्यावर ओढून घ्यावयाचे, त्यांवर झापांचे छप्पर घालावयाचे आणि श्रावणातल्या पौर्णिमेची वाट पाहावयाची. त्या दिवशी दर्याला नारळ अर्पण झाला, की समुद्र पुन्हा उघडला. शिडांच्या काळात हा नियम केवळ कोळ्यांपुरता नव्हता. मोठमोठ्या व्यापारी जहाजांनाही तो पाळावा लागे. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणारी गलबते याच वाऱ्याच्या पाठबळावर येत. परंतु त्याचा जोर ऐन भरात असताना पश्चिम किनाऱ्यावरील बंदरात शिरणे म्हणजे जहाज खडकावर नेण्यासारखेच होते. म्हणून ऑगस्ट सरता सरता तिकडून निघावयाचे आणि वारा मावळू लागला असता इकडे पोचावयाचे, असा प्रघात होता. परतीचा प्रवास हिवाळ्यात, वारा ईशान्येचा झाल्यावर.

इसवी सन १७६३ च्या ऑगस्टच्या उत्तरार्धात, इकडे नारळी पौर्णिमेचा सुमार असताना, येमेनमधील मोखा बंदरातून एक इंग्रजी व्यापारी जहाज मुंबईला येण्यासाठी निघाले. त्या जहाजावर चार युरोपीय प्रवासी होते आणि चौघेही आजारी होते. आणखी दोघांना ते अरबस्तानच्या मातीत पुरून आले होते. या चौघांपैकी एकच जण पुढे मायदेशी परतावयाचा होता आणि तत्पूर्वी मुंबईनजीकच्या घारापुरी बेटावरील लेणी मोजून, रेखाटून जगापुढे ठेवावयाचा होता. त्याचे नाव कार्स्टन नीबूर. सहा सोबत्यांनी आरंभिलेली आणि एकट्याने पुरी केलेली ही यात्रा आपल्या इतिहासालाही एका कोपऱ्यात स्पर्श करून गेली आहे.

नीबूर १७३३ साली उत्तर जर्मनीतील एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आईबाप लहानपणीच वारले. जमीनमोजणीची विद्या तो का शिकला, याची हकीकत त्याच्या मुलाने नोंदवून ठेवली आहे. त्याच्या गावाकडे एका शेताच्या क्षेत्रफळावरून तंटा उपस्थित झाला आणि ते मोजून देणारा माणूस संपूर्ण परगण्यात मिळेना. बाहेरून आणावा लागला. ही गोष्ट या तरुणाला आपल्या मुलखाची मानहानी वाटली आणि त्याने गणिताची कास धरली. पुढे ग्योटिंगेन येथे टोबियास मायर या थोर ज्योतिर्विदाकडून तो चंद्राच्या वेधांवरून रेखांश काढण्याची रीत शिकला. समुद्रावर रेखांश निश्चित करणे हा त्या काळी सर्व दर्यावर्दी राष्ट्रांपुढचा अवघड प्रश्न होता.

ग्योटिंगेनचेच एक प्राध्यापक योहान डाव्हिड मिखाएलिस यांना बायबलातील वनस्पती, प्राणी, चालीरीती आणि भाषा यांविषयी असंख्य शंका होत्या. त्यांची उत्तरे अरबस्तानात प्रत्यक्ष जाऊन शोधावीत, अशी कल्पना त्यांनी डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या दरबारी मांडली. विशेष असे, की मूळ योजनेत हा प्रवास हिंदुस्थानातून व्हावयाचा होता. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी ही डॅनिश लोकांची वखार होती. तिथून एखादा विद्वान अरबस्तानात पाठवावा, असा पहिला विचार होता. पुढे बेत वाढत गेला आणि एकाऐवजी सहा जणांचे मंडळ ठरले.

या मंडळात फ्रिड्रिख फॉन हाव्हेन हा डॅनिश भाषापंडित होता. पेटर फोर्स्कोल हा स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ, सुप्रसिद्ध लिनियसचा शिष्य. क्रिस्टियन क्रामर हा वैद्य. गेओर्ग बाउरेनफाइंड हा न्यूरेंबर्गचा चित्रकार. नीबूर हा मोजणीदार आणि खजिनदार. सहावा बेरग्रेन नावाचा स्वीडिश नोकर. तो पूर्वी घोडदळात शिपाई होता. प्रमुख म्हणून कोणाचीही नेमणूक झाली नव्हती. सर्वांचा दर्जा सारखा आणि मतभेद झाल्यास बहुमताने निर्णय, अशी राजाज्ञा होती. कागदावर ही व्यवस्था मोठी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात तिचे फळ काय आले, ते लवकरच दिसून आले.

४ जानेवारी १७६१ रोजी त्यांचे जहाज कोपनहेगनहून सुटले. महाराष्ट्राच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्याला हा दिनांक वाचताच दुसरा एक दिनांक आठवेल. त्याच महिन्याच्या १४ तारखेला पानिपतावर मराठ्यांचा भीषण संहार झाला. चंदीगडहून दिल्लीकडे जाताना ती भूमी वाटेतच लागते. एकीकडे उपासमारीने गांजलेले मराठी सैन्य यमुनेकाठी अखेरच्या झुंजीस उभे होते, तर दुसरीकडे उत्तर समुद्रातील वादळांशी झगडत सहा माणसे ज्ञानार्जनासाठी निघाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नव्हता. परंतु पानिपतानंतरच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच या मंडळींपैकी उरलेले येऊन पोचणार होते.

या सहा जणांना मित्र म्हणणे आरंभी तरी धाडसाचे ठरले असते. फॉन हाव्हेनला समुद्र लागे. म्हणून तो जहाज सोडून खुष्कीने मार्सेलिसला जाऊन बसला. त्याचे आणि फोर्स्कोलचे हाडवैर होते. कॉन्स्टँटिनोपलला पोचेपर्यंत प्रकरण इतके विकोपाला गेले, की फॉन हाव्हेनने सोमल विकत घेतल्याचे इतरांना समजले आणि तो आपल्यावर विषप्रयोग करणार, या भयाने त्यांनी डॅनिश वकिलाकडे तक्रार केली. विषप्रयोग झाला नाही. पण एका पंक्तीला बसून परस्परांच्या ताटाकडे संशयाने पाहणारे हे सहप्रवासी पुढे ईजिप्त, सिनाई आणि तांबडा समुद्र ओलांडून १७६२ च्या डिसेंबरअखेर येमेनच्या किनाऱ्याला लागले.

येमेनमध्ये त्यांचे दिवस प्रथम सुखाचे गेले. फोर्स्कोल वनस्पती गोळा करी, बाउरेनफाइंड त्यांची चित्रे काढी, नीबूर गाढवावर बसून गावोगाव हिंडे आणि नकाशासाठी अंतरे टिपून घेई. त्याने देशी पोशाख केला, देशी अन्न स्वीकारले आणि लोकांच्या चालीने राहू लागला. परंतु लवकरच मंडळींना थंडी वाजून ताप येऊ लागला. प्रवासाचा शीण, आहारातील फरक, रात्रीची थंड हवा अशी नाना कारणे ती मंडळी शोधीत राहिली. हा हिवताप होता, आणि तो डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारा शोध सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला १८९७ साली लागावयाचा होता. तो लागण्यास अद्याप सव्वाशेहून अधिक वर्षे अवकाश होता.

२५ मे १७६३ रोजी फॉन हाव्हेन मोखा येथे मरण पावला. ११ जुलै रोजी सानाच्या वाटेवर येरीम या गावी फोर्स्कोल गेला. परमुलखात, परधर्मीयांच्या गावात त्याचे दफन करण्यासही मोठी अडचण पडली आणि पेटीत धन असेल या समजुतीने चोरांनी ती उकरून काढली, असे नीबूरला मागाहून कळले. उरलेले चौघे सानापर्यंत गेले. तिथल्या इमामाने त्यांचे आदराने स्वागत केले आणि वर्षभर राहण्यास हरकत नव्हती. तथापि मोख्यात असलेले इंग्रजी जहाज चुकले तर पुन्हा वर्षभर वाऱ्याची वाट पाहावी लागली असती, आणि तोपर्यंत आपल्यापैकी कोणी जिवंत राहील असा भरवसा त्यांना वाटेना. ते घाईने मोख्याला परतले आणि जहाजावर चढले. अशा रीतीने, किनाऱ्यावरील कोणी शहाणा मनुष्य बेटावर सहलीला निघणार नाही अशा दिवसांत, ही मंडळी अरबी समुद्रात शिरली.

जहाज निघून थोडे दिवस होतात न होतात तोच, २९ ऑगस्टला, चित्रकार बाउरेनफाइंड वारला. पाठोपाठ एकदोन दिवसांत बेरग्रेनही गेला. दोघांचेही देह समुद्राच्या स्वाधीन करण्यात आले. ११ सप्टेंबर १७६३ रोजी जहाज मुंबईच्या बंदरात आले, तेव्हा नीबूर आणि वैद्य क्रामर हे दोघेच उतरले, तेही तापाने क्षीण झालेले. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांची शुश्रूषा केली. क्रामरला उतार पडला नाही. १० फेब्रुवारी १७६४ रोजी या वैद्याने मुंबईतच देह ठेवला. वयाच्या तिसाव्या वर्षी नीबूर एकटा उरला. त्याच्याजवळ सहा जणांचे सामान होते, पाच मृतांचे कागद होते आणि मायदेशाकडचा अर्ध्याहून अधिक रस्ता पुढे होता.

या प्रसंगी तो जहाजाने थेट युरोपला परतला असता तर कोणीही त्याला दोष दिला नसता. त्याने तसे केले नाही. अंगात थोडे बळ येताच तो कामाला लागला. इतरांच्या टाचणांची आणि संग्रहांची व्यवस्था लावून ती समुद्रमार्गे कोपनहेगनला धाडण्याची तजवीज त्याने केली. मधल्या काळात सुरतेला जाऊन आला. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या लोकांचे व्यवहार त्याने पाहिले आणि प्रत्येकास आपापल्या धर्माने वागण्याची तिथे मोकळीक आहे, याचे त्याला मोठे कौतुक वाटले. पारशी समाजाविषयी त्याने विस्ताराने लिहिले. शहराची लोकसंख्या त्याने १,४०,००० सांगितली आहे आणि मुंबईचा जुना इतिहास लिहिणारे आजही हा आकडा त्याच्याच नावावर देतात.

याच मुक्कामात तो घारापुरीला गेला. एकदा नव्हे, तीनदा.

घारापुरी त्या वेळी इंग्रजांकडे नव्हती. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला, त्यात हे बेट होते. धक्क्यापाशी उभ्या असलेल्या दगडी हत्तीवरून त्यांनी त्याला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि या टापूतील पोर्तुगीज सत्तेचा शेवट झाला. नीबूर आला तेव्हा बेट मराठ्यांच्या अमलाखाली होते. तो लिहितो त्याचा आशय असा, की बेटावर सुमारे शंभर गरीब कुटुंबे राहतात, मराठ्यांना त्याचे विशेष महत्त्व वाटत नाही आणि म्हणून मुंबईचे इंग्रज परवान्यावाचून तिथे जाऊन येतात.

हे वाक्य वाचताना मराठी मनाला किंचित टोचणी लागते. परंतु त्या वर्षाचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे दोष देता येत नाही. पानिपतात एक पिढी कापली गेली होती. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांपुढे घरात राघोबादादांचे राजकारण आणि बाहेर निजामाचे संकट उभे होते. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजांनी खुद्द पुणे लुटले आणि जाळले. १० ऑगस्टला राक्षसभुवनावर माधवरावांनी त्याचा पुरेपूर सूड घेतला. तेव्हा नीबूर मोख्याला जहाजाची वाट पाहत होता. ज्यांना राजधानी राखण्याची भ्रांत, त्यांनी शंभर झोपड्यांच्या बेटावर पहारा तो कुठला ठेवावा? परंतु इतिहासाचा हिशेब निष्ठुर असतो. ज्या बेटावर इंग्रज परवान्यावाचून जात, ते अवघ्या दहा वर्षांनी, १७७४ च्या अखेरीस, साष्टीसह इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायमचे राहिले.

नीबूरला या राजकारणाशी कर्तव्य नव्हते. पूर्वी येऊन गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी लेण्यांची वर्णने लिहिली होती. १५३४ साली पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने ती पाहिली होती. परंतु वर्णने बहुधा आश्चर्योद्गारांनी भरलेली असत आणि चित्रे ऐकीव. नीबूर आला तो साखळी आणि टाचणवही घेऊन. मुख्य लेण्याची लांबी आणि रुंदी त्याने सुमारे १२० फूट भरविली, खांबांच्या ओळी मोजल्या, कोणती मूर्ती कोणत्या भिंतीवर आहे याचा आराखडा काढला आणि एकेका शिल्पपटाची रेखाटने केली. तिथे काय आहे, हे प्रथम नीट सांगावे आणि अर्थ त्यानंतर लावावा, ही मोजणीदाराची शिस्त त्याने कड्यातील देवालयालाही लागू केली.

अर्थ त्याला फारसा लागला नाही, हेही सांगितले पाहिजे. गंगावतरण, अर्धनारीश्वर, शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध, कैलास हलवू पाहणारा रावण, या कथा ज्याच्या कानावर बालपणापासून पडल्या आहेत त्याला त्या भिंती बोलू लागतात. उत्तर जर्मनीच्या या शेतकरीपुत्राला त्या मुक्या होत्या. मध्यभागी कोरलेले अठरा फुटांच्या आसपास उंचीचे ते त्रिमुख महेशाचे रूप, एक मुख शांत, एक उग्र, एक सौम्य, त्याने मोजले आणि रेखाटले. सहाव्या शतकाच्या मध्यावर हे लेणे खोदले गेले असावे, असे आज अभ्यासक मानतात. ते ठरविण्याचे साधनही त्याच्यापाशी नव्हते. तथापि ज्याला कथा ठाऊक नसते तो कधी कधी दगड अधिक नीट पाहतो. त्याच्या रेखाटनांत अवयवांचे सौष्ठव चुकले असेल, पण मूर्तीची जागा चुकली नाही.

आणि ही रेखाटने मुळात त्याचे काम नव्हते. ते बाउरेनफाइंडचे काम होते. राजाने चित्रकार नेमला होता तो याचसाठी. अडीच वर्षे नीबूरने मोजावे आणि बाउरेनफाइंडने रेखाटावे, असा क्रम चालला होता. ईजिप्तमधील वाद्ये, येमेनमधील डोंगर, फोर्स्कोलच्या झाडांची पाने, हे सर्व त्या हाताने कागदावर उतरविले होते. आता तो हात अरबी समुद्राच्या तळाशी होता. घारापुरीच्या अंधाऱ्या दालनात पेन्सिल नीबूरने घेतली, कारण घेणारा दुसरा कोणी नव्हता. तीनदा जावे लागले यात नवल नाही. मोजणीदार आणि चित्रकार, दोघांचे काम त्याला एकट्याने करावयाचे होते. नीबूर भावना बोलून दाखविणाऱ्यांपैकी नव्हता. त्याच्या लिखाणात शोकाची पाने नाहीत, मापांची आहेत. सोबत्यांविषयी त्याला काय वाटत होते, ते त्याने पुढे काय केले यावरूनच ओळखावे लागते.

८ डिसेंबर १७६४ रोजी, ईशान्येचा वारा स्थिर झाल्यावर, त्याने मुंबई सोडली. मस्कतमार्गे तो इराणात गेला. १७६५ च्या वसंतात पर्सेपोलिसच्या भग्न प्रासादात बसून त्याने दगडावरील बाणाग्रासारख्या अज्ञात अक्षरांच्या नकला अक्षरशः खूण न खूण जुळवून काढल्या. घारापुरीला जी सवय हाताला लागली, तीच इथे फळास आली. तो लेख त्यालाही वाचता येत नव्हता. परंतु त्याच्या नकला इतक्या बिनचूक होत्या, की १८०२ साली ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने त्यांच्या आधारावर कीलाक्षरी लिपीची पहिली अक्षरे उलगडली. पुढे बगदाद, हलब, यरुशलेम, कॉन्स्टँटिनोपल असा प्रवास करीत २० नोव्हेंबर १७६७ रोजी तो कोपनहेगनला पोचला. निघाल्याला जवळजवळ सात वर्षे झाली होती. ज्या राजाने पाठविले, तो पाचवा फ्रेडरिक आदल्याच वर्षी निधन पावला होता. नव्या दरबारात अरबस्तानाच्या मोहिमेविषयी कोणाला उत्साह उरला नव्हता.

इथून पुढचा भाग या कथेत सर्वांत कमी सांगितला जातो आणि तोच सर्वांत सांगण्याजोगा आहे. नीबूरने आपले अरबस्तानचे वर्णन १७७२ साली प्रसिद्ध केले. प्रवासवृत्ताचा पहिला खंड १७७४ साली आणि दुसरा १७७८ साली निघाला. घारापुरीच्या चित्रपट्टिका या दुसऱ्या खंडात आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये, १७७५ आणि १७७६ या वर्षांत, त्याने आणखी तीन पुस्तके छापविली. ती त्याची नव्हती. फोर्स्कोलने जमविलेल्या प्राण्यांची आणि वनस्पतींची लॅटिन वर्णने नीबूरने छापखान्यात नेली आणि बाउरेनफाइंडने काढलेली चित्रे स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याला स्वतःला निसर्गशास्त्र येत नव्हते. या छपाईत पैसा मिळण्याची आशा नव्हती. स्वतःच्या गाठचा खर्च होत होता. तरीही मृतांचे काम कागदांच्या गाठोड्यात कुजू द्यावयाचे नाही, असा त्याचा निश्चय होता. आज लाल समुद्रातील माशांची आणि अरबी वनस्पतींची शास्त्रीय नावे पाहणाऱ्याला फोर्स्कोलचे नाव जागोजागी भेटते. येरीमला ज्याची शवपेटी चोरांनी उकरली, त्याचे हे दुसरे दफन म्हणा वा पुनर्जन्म म्हणा, त्याच्या सोबत्याने घडवून आणला.

कॉन्स्टँटिनोपलला परस्परांवर विषप्रयोगाचा संशय घेणारी ही मंडळी. त्यांतला एक असा मित्रधर्म पाळतो. कोणत्या दिवशी आणि कोणत्या मुक्कामी सहप्रवासी हे मित्र झाले, याची नोंद कोणत्याही टाचणवहीत नाही. कदाचित ताप सर्वांना सारखाच येतो हे कळले त्या दिवशी असेल. कदाचित फार उशिरा, उचलावयाला सामान उरले आणि माणसे उरली नाहीत तेव्हा असेल.

देऊ केलेली सरदारकी नीबूरने नाकारली. १७७८ साली मेल्डॉर्फ नावाच्या लहानशा गावी जिल्ह्याच्या दप्तराचे आणि वसुलाचे काम पाहणारा अधिकारी म्हणून तो रुजू झाला आणि २६ एप्रिल १८१५ रोजी मरेपर्यंत तिथेच राहिला. अखेरीस त्याची दृष्टी गेली. त्याचा मुलगा बार्टोल्ड, जो रोमचा इतिहासकार म्हणून प्रसिद्धी पावला, त्याने लिहून ठेवले आहे, की आंधळा झालेला वृद्ध पिता अंथरुणावर पडून राही तेव्हा पूर्वेकडचे तारे आणि तिथे पाहिलेली स्थळे त्याला पुन्हा स्पष्ट दिसत.

नीबूर मेल्डॉर्फला मरणपंथाला लागला होता, त्याच सुमारास घारापुरीच्या धक्क्यावरील दगडी हत्तीही कोसळू लागला होता. १८१४ च्या सप्टेंबरात त्याचे डोके आणि मान गळून पडली. नंतर सारे शरीरच ढासळले. १८६४ साली ते तुकडे मुंबईला आणण्यात आले आणि १९१२ साली जुळविण्यात आले. आज तो हत्ती भायखळ्याच्या उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. नीबूरने त्याला त्याच्या मूळ जागी, किनाऱ्याजवळच्या माळावर पाहिले होते. लेणी १९०९ साली पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आली, १९८७ साली जागतिक वारसा ठरली आणि २०१८ साली समुद्राखालून तार नेऊन बेटावर वीज पोचली. आज गेटवेपासून तासाभरात लाँच धक्क्याला लागते. हिवाळ्यात मित्रांचे थवेच्या थवे उतरतात, पायऱ्या चढतात, त्रिमूर्तीपुढे घटकाभर स्तब्ध होतात आणि संध्याकाळच्या आत परततात. पावसाळा लागला, समुद्र खवळला, की ही वर्दळ ओसरते. कातळावरून पाणी ठिबकू लागते आणि बेट पुन्हा आपल्या रहिवाशांचे होते.

मित्रांसह बेटावर जावयाचे तर हंगाम पाहूनच जावे, हा कोकणच्या माणसाचा सल्ला शहाणपणाचाच आहे. नीबूरला ना हंगाम निवडता आला, ना सोबती. ज्यांच्याबरोबर तो निघाला होता त्यांची नावे घारापुरीच्या कोणत्याही खांबावर कोरलेली नाहीत. ती शोधावयाची झाल्यास त्या जुन्या लॅटिन पुस्तकांची मुखपृष्ठे उघडावी लागतात. लेखक म्हणून तिथे पेटर फोर्स्कोल याचे नाव आहे. आणि त्याखाली, लहान अक्षरांत, एवढेच नोंदविले आहे, की लेखकाच्या मृत्यूनंतर हा ग्रंथ कार्स्टन नीबूर याने प्रकाशित केला.